मोह आणि परीक्षा

ख्रिस्ताने आपल्या शिष्यांस जी लहानशी प्रार्थना शिकविली, तिच्या अखेरीस एक चमत्कारिक मागणे आहे. रोजच्या अन्नाचे मागणे झाले, क्षमेचे झाले, आणि मग भक्त देवाजवळ अशी विनवणी करतो की, तू आम्हांला त्या वाटेने नेऊ नकोस. ही वाट कोणती, याविषयी मराठी ख्रिस्ती लोकांत दोन शब्द चालत आले आहेत. प्रॉटेस्टंट मंडळींच्या जुन्या बायबलात तेथे 'परीक्षा' हा शब्द आहे. कॅथोलिकांच्या तोंडी 'मोह' हा शब्द बसला आहे. मूळ ग्रीक शब्द एकच असून त्याच्या पोटात हे दोन्ही अर्थ आहेत. परंतु मराठी कानास हे दोन शब्द एका कुळातले वाटत नाहीत. परीक्षेस परीक्षक असतो, तिला काही हेतू असतो, उत्तीर्ण होण्याची आशा असते. सोन्याची परीक्षा अग्नीत होते असे आपण म्हणतो, तेव्हा अग्नीविषयी आपल्या मनात राग नसतो. मोहाचे तसे नाही. 'मुह्' या धातूचा अर्थच मुळी भांबावणे, भान हरपणे असा आहे. परीक्षेच्या नावाने मनुष्य ताठ उभा राहतो. मोहाच्या नावाने तो अंधारात चाचपडू लागतो.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा धर्म ख्रिस्ती नाही, हे आम्ही जाणतो. तरीही हा विषय आम्ही येथे घेतला आहे, कारण मोहाचा प्रतिकार कसा करावा या प्रश्नापुढे धर्माधर्मांतील भिंती फार ठेंगण्या होतात. आणि या प्रश्नाचा ख्रिस्ती बाजूने विचार करण्यास खानदेशासारखा, म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून निराळा झालेला नंदुरबार या जिल्ह्यांसारखा, मुलूख दुसरा क्वचितच सापडेल.

प्रथम त्या मागण्याकडेच पाहू. देव मनुष्यास मोहात नेतो काय? नवीन करारातील याकोबाच्या पत्रात याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ च्या डिसेंबरात या मागण्याच्या रूढ भाषांतरावर हाच आक्षेप घेतला होता, आणि पुढे इटलीतील चर्चने २०२० साली उपासनेतील शब्दही बदलले. परंतु शब्द बदलल्याने अडचण सर्वस्वी दूर होते असे आम्हांस वाटत नाही. कारण येशूस अरण्यात नेले ते सैतानाने नव्हे, आत्म्यानेच नेले, असे शुभवर्तमानकार सांगतात. त्या मागण्याचे खरे मर्म आमच्या मते निराळे आहे. त्यात लढण्याचे बळ मागितलेले नाही. रणांगणावर जाण्याचा प्रसंगच न येवो, असे मागितले आहे. हे वीराचे मागणे नव्हे. आपले पाणी ओळखून असलेल्या मनुष्याचे आहे.

ज्यांच्या मनावर लहानपणापासून ऋषींच्या तपश्चर्येच्या कथांचा संस्कार झाला आहे, त्यांस हे मागणे किंचित भेकडपणाचे वाटेल. तप वाढले की इंद्राचे आसन डळमळते, आणि मग तो अप्सरा पाठवितो. म्हणजे मोह येणे हे तपस्व्याचे एक प्रकारे प्रशस्तिपत्रकच ठरते. पण त्याच कथांत एक सूक्ष्म गोष्ट आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विश्वामित्र मेनकेपुढे हरला हे सर्वांस ठाऊक आहे. पुढे रंभा आली, तेव्हा तो तिला वश झाला नाही. त्याने तिला शाप दिला, आणि त्या क्रोधात त्याचे तप पुन्हा खर्ची पडले. कामाला जिंकणाऱ्याचा घात त्याच्या जिंकण्याच्या आवेशानेच केला. रामायणकारांची ही नजर आणि प्रार्थना शिकविणाऱ्या ख्रिस्ताची नजर, या दोहोंत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

आता अरण्यातील तो प्रसंग. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान येशूपुढे तीन गोष्टी ठेवतो: धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देव तुला झेलतो हे लोकांस दाखव, आणि मला एकवार नमन करून जगातील सर्व राज्ये घे. यांत बाई नाही, मद्य नाही, सोनेनाणे नाही. आपण व्यवहारात मोह या शब्दाचा अर्थ फार आखूड करून ठेवला आहे. कोणी मोहात पडला म्हटले की, ऐकणारा लगेच कोणत्या बाईच्या, असे विचारतो. येथे जे देऊ केले आहे ते सर्व चांगले आहे. भुकेल्यास भाकर मिळणे वाईट नाही. पुढे याच येशूने पाच हजारांस जेवू घातले. लोकांनी देवावर विश्वास ठेवावा हे वाईट नाही, आणि जगावर सज्जनाचे राज्य व्हावे हे तर नाहीच नाही. वाईट होते ते एवढेच की, या चांगल्या गोष्टी आडवाटेने मिळत होत्या आणि देणारा हात अशुद्ध होता. वाईट वस्तूचा मोह ओळखण्यास विशेष बुद्धी लागत नाही. चांगल्या वस्तूचा मोह ओळखताना मात्र धर्मनिष्ठांचीही दिशाभूल होते, आणि ख्रिस्ती जीवनाचा इतिहास पाहिला तर मोठमोठे घात याच जागी झालेले आढळतात.

भाकरीचाच मोह घेऊ. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. संवत् १९५६ मधला म्हणून त्यास छपन्नचा दुष्काळ म्हणतात. खानदेशात, वऱ्हाडात, नगराकडे लोक आणि गुरे दोन्ही पटापट मेली. मिशनऱ्यांनी या काळात पोरक्या मुलांस आश्रय दिला, कामे काढली, धान्य वाटले. आणि याच काळात बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्याही वाढली. 'पोटासाठी बाटले' हा कुत्सित शब्दप्रयोग तेव्हापासून विशेष रूढ झाला. आम्हांस या शब्दप्रयोगाची नेहमीच चीड वाटत आली आहे, कारण त्याचे बोट चुकीच्या मनुष्याकडे आहे. ज्याचे मूल अन्नावाचून तडफडत आहे, त्याने भाकरीसाठी हात पुढे केला तर तो मोहात पडला असे म्हणण्यास जीभ कशी धजावते? मोह असलाच तर तो देणाऱ्याचा होता. हातात भाकर आहे, समोर भुकेला आहे, आणि मनात त्याचा आत्मा तारण्याची खरी तळमळ आहे. अशा वेळी दोन्ही गोष्टी एकाच मुठीत घालून देण्याचा मोह किती दारुण असेल! आणि तो पापी मनुष्यास होणारा नव्हे; श्रद्धावंतासच होणारा आहे.

या मोहाचा प्रतिकार कसा करता येतो याचे एक उदाहरण खानदेशातले नाही, तेलुगू मुलखातले आहे. पण ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ओंगोल येथे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनचे जॉन क्लफ हे मिशनरी होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या काही मैल खोदाईचा मक्ता घेतला आणि हजारो भुकेल्यांस मजुरी दिली. लोक बाप्तिस्मा मागत होते. क्लफ यांनी सुमारे पंधरा महिने तो कोणासही दिला नाही. मदतीचे काम आटोपल्यावरच त्यांनी ते दार उघडले, आणि ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला. हा आकडा मिशनच्या इतिहासात मोठ्या अभिमानाने सांगतात. आम्हांस त्या एका दिवसापेक्षा आधीचे पंधरा महिने अधिक मोलाचे वाटतात. कोणी म्हणेल की, दुष्काळात जगविले त्याची कृतज्ञता मदत थांबल्यावरही उरतेच, तेव्हा दारे मिटल्याने काय साधले? साधले ते इतकेच की, घेणाऱ्यास 'नको' म्हणण्याची मोकळीक राहिली. ही मोकळीक न ठेवता जे दिले जाते, ते धोंड्यांच्या भाकरी करून दिल्यासारखेच आहे.

हीच मोकळीक खानदेशच्या एका पुत्राच्या बाबतीत निराळ्या रीतीने दिसते. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर होते. त्या सभेत धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा, जेमतेम सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणून गेला आणि 'बालकवी' होऊन घरी परतला. पुढे हाच मुलगा अहमदनगरास रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरी जाऊन राहिला, आणि लक्ष्मीबाई टिळकांनी त्यास पोटच्या पोरासारखे वागविले. टिळक हे साधे गृहस्थ नव्हते. ते धर्मोपदेशक होते, स्वतः ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले होते, आणि एवढा प्रतिभावान तरुण ख्रिस्ताच्या चरणी आला तर महाराष्ट्रात केवढा गाजावाजा होईल, हे त्यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? मंदिराच्या शिखरावरील मोह तो हाच. अन्न टिळकांचे, आसरा टिळकांचा, कवितेतील वडीलकीही टिळकांची. असे असून ठोमरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. ५ मे १९१८ रोजी जळगावाजवळ भादली स्टेशनानजीक आगगाडीखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. टिळकांच्या अंतःकरणात या बाबतीत काय घडामोडी झाल्या असतील, त्यांचा तर्क करण्यात अर्थ नाही. फळ आपल्यापुढे आहे: एका उपदेशकाच्या घरात एक परधर्मी मुलगा वाढला, आणि त्या घराच्या प्रेमाची किंमत त्याच्याकडून वसूल केली गेली नाही.

टिळकांच्या चरित्रात याहूनही कठीण असा एक मोह आहे, आणि तो नाव घेण्याससुद्धा अवघड आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी आणि लहान मुलगा दुरावले. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणासही तो आकांत विसरता येणार नाही; लक्ष्मीबाईंनी तो विनोदाच्या पदराआड झाकून सांगितला आहे म्हणून तो अधिकच भिडतो. त्या काळात टिळकांस मागे ओढणारी गोष्ट कोणती होती? बायकोचे प्रेम आणि मुलाची माया. या गोष्टींस मोह म्हणावे काय? आमची लेखणी येथे अडखळते. पण शुभवर्तमानात असाच एक प्रसंग आहे. आपणांस पुष्कळ दुःख सोसून मरावयाचे आहे असे येशूने सांगताच पेत्राने त्यास बाजूस घेऊन, असे तुमच्या वाट्यास न येवो, असे म्हटले. कोणत्याही मित्राने हेच म्हटले असते. आणि येशूने त्या बिचाऱ्या मित्रास सैतान या नावाने हाक मारली! अरण्यातील खऱ्या सैतानाशी बोलतानादेखील त्याचा आवाज इतका चढलेला दिसत नाही. शत्रूच्या तोंडून आलेला मोह परतविता येतो. मायेच्या माणसाच्या तोंडून आला म्हणजे त्यास उत्तर देताना स्वतःचे काळीज फाटते. अर्थात याचा फायदा घेऊन बायकामुलांस टाकणारे ढोंगीही प्रत्येक धर्मात निपजले आहेत, हे विसरून चालणार नाही. टिळकांच्या बाबतीत एवढे म्हणता येते की, त्यांनी पत्नीची वाट पाहिली; आणि १९०० साली लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या, त्या आपल्या पायांनी आणि आपल्या विचाराने चालत आल्या.

तिसरा, राज्यांचा मोह, टिळकांनी उतारवयात परतविला. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' उभारण्यास निघाले. मिशनचे वेतन हे काही पापाचे धन नव्हते. पण परदेशी पैशाच्या आधाराने उभी राहिलेली मंडळी आपल्या देशात मूळ धरणार नाही असे त्यांस वाटू लागले होते. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले, तेव्हा त्या दरबाराचे बाळसेही धरले गेले नव्हते. या त्यागाचे यश किती, हा हिशेब करणारे करोत.

मोहाचा प्रतिकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोन हात रोवून उभा राहिलेला मल्ल येतो. जुन्या करारातील योसेफ मात्र मल्लासारखा उभा राहिला नाही. मिसर देशातील त्याच्या धन्याच्या बायकोने त्याचे वस्त्र धरले, तेव्हा तो वस्त्र तिच्या हाती टाकून पळाला. ख्रिस्ती गुरू या पळण्यास विजय म्हणतात, आणि ते आम्हांस मान्य आहे. परंतु या विजयाचे पारितोषिक काय मिळाले? तुरुंग.

तुरुंगाचे नाव निघाले म्हणून धुळ्याच्या तुरुंगाची आठवण येते. तेथे १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अधोगतीची एक साखळी सांगितली आहे: विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, तीतून काम, मग क्रोध, मग संमोह, मग स्मृतीचा भ्रंश, आणि शेवटी बुद्धीचा नाश. याकोबाच्या पत्रातील साखळी याहून आखूड आहे, पण तिची घडण तीच: मनुष्याची आपली वासनाच त्यास ओढते, ती गर्भार होते, पाप प्रसवते, आणि पाप वाढून मरणास जन्म देते. दोहोंचेही म्हणणे असे की, कृतीच्या वेळी प्रतिकार करू पाहणारा मनुष्य फार उशिरा जागा झालेला असतो. लढाईची जागा कितीतरी मागे, पहिल्या चिंतनापाशी असते, आणि तेथे लढाई ही लढाईसारखी दिसतच नाही. ती केवळ नजर दुसरीकडे वळविण्याएवढी क्षुल्लक दिसते.

या दोन शिकवणी पुढे मात्र फुटतात. गीतेस स्थितप्रज्ञ दिसतो. कासवाने अवयव आवरून घ्यावे तशी इंद्रिये आवरलेला, आणि पुढे तर ज्याची विषयांतील गोडीच परमतत्त्वाच्या दर्शनाने मावळली आहे असा. ख्रिस्ती जीवनात असा मुक्काम इहलोकी नाही. स्वतः ख्रिस्तासही तो लाभला नाही. अरण्यात हरलेला सैतान त्यास कायमचा सोडून गेला नाही, संधी मिळेपर्यंतच गेला, असे लूक मुद्दाम नमूद करतो. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी मनास उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली आहे. तिचे मर्म शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. ढोर हाकलले म्हणून राखणदारास घरी जाऊन निजता येत नाही. पण यातून ख्रिस्ती मनुष्यास एक दिलासाही मिळतो. ज्यास मोहच झाला नाही तो शुद्ध, हे समीकरण येथे लागू नाही. मोह होणे हे पाप नव्हे. ढोर बांधावर दिसले म्हणजे पीक गेले असे नव्हे. कित्येक सालस तरुण मनात एखादा विचार आला एवढ्यावरूनच स्वतःस पतित समजतात, आणि पतित झालोच तर आता आवरायचे कशाला, अशा उलट्या तर्काने खरोखरच घसरतात. त्यांना हा भेद कोणीतरी वेळीच सांगावयास हवा.

आतापर्यंत आम्ही एकेकट्या मनुष्याविषयी बोललो. पण खानदेशच्या पश्चिम अंगास, नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा या बाजूस गेले की, हा सर्व विचार अपुरा पडतो. तेथे मोह हा तत्त्वज्ञानातला शब्द नसून रानातला वृक्ष आहे. फाल्गुन-चैत्रात त्याची पिवळसर, गरदार फुले पहाटे जमिनीवर सांडतात आणि बायकापोरे ती टोपल्यांत वेचतात. ती फुले भाजून खातात, वाळवून ठेवतात, पावसाळ्याच्या ओढीत त्यांवर दिवस काढतात. बियांचे तेल निघते. आणि त्याच फुलांची दारूही होते. भाषेने एकच नाव दोहोंस दिले हा योगायोग असेल. 'मोह' वृक्षाचे मूळ संस्कृत नाव 'मधूक' आहे, त्याचा 'मुह्' धातूशी काही संबंध नाही. तरी भिल्ल आणि मावची लोकांत जे उपदेशक गेले, त्यांपैकी मराठी जाणणाऱ्यास हा श्लेष चुकविता आला नसेल.

या भागात स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनच्या लोकांनी काम केले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्वीडिश वगैरे लोकांचे हे मिशन. अमेरिकेतील मद्यनिषेधाच्या चळवळीचे वारे ज्या धर्मपंथांत शिरले होते त्यांपैकीच हे लोक असल्याने, दारू सोडणे हे त्यांच्या दृष्टीने ख्रिस्ती होण्याचे पहिले लक्षण ठरले. शास्त्रदृष्ट्या पाहिले तर हे काही सरळ नाही. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, तो त्याचा पहिला चमत्कार होय. वसईकडील कॅथोलिकांच्या लग्नात मद्याचा पेला वर्ज्य नाही. आणि प्रभुभोजनातल्या पेल्यात आंबलेला रस असावा की नुसता द्राक्षांचा, यावर पंथापंथांत मतभेद आहेत. असो. तो वाद शास्त्र्यांचा.

मोहाच्या मुलखात प्रश्न निराळाच होता. तेथे दारू हा चोरून करण्याचा व्यसनी उद्योग नव्हता. देवास ती चढे, लग्नात ती फिरे, मयतीनंतर ती लागे, तंटा मिटला की तिचा घोट घेऊन तो मिटला असे ठरे. अशा ठिकाणी नवा ख्रिस्ती पेला परत करतो, तेव्हा तो दारूस नकार देत नाही. भावास नकार देतो. शहरी उपदेशक त्यास सांगतो, मन खंबीर कर. मन खंबीर करून तो काय करील? त्याच्या मुलीचे लग्न जमावयाचे आहे. शिवाय मोहात घालणारा कोण, हेही पाहिले पाहिजे. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची दारू हा गुन्हा ठरला. मक्तेदाराच्या दुकानातील दारू मात्र सरकारमान्य झाली आणि तिच्यावरील कराने मुंबई सरकारची तिजोरी भरू लागली. ज्या राज्यातले मिशनरी मोहास बळी पडू नका असे सांगत, त्याच राज्याचे उत्पन्न लोकांच्या बळी पडण्यावर वाढत होते. इंग्रज अंमलदाराने रविवारी चर्चमध्ये ती प्रार्थना म्हणताना कोणता अर्थ मनात धरला असेल, कोण जाणे.

या कोड्याचे उत्तर त्या रानातच, आणि ख्रिस्ती मंडळीच्या बाहेर, एका माणसाने शोधले. १९३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यात गुलाम महाराज नावाच्या भिल्ल साधूने आरतीची चळवळ उभी केली. हजारो लोक जमत, आरती करीत, दारू सोडल्याची शपथ घेत, आणि एकमेकांस 'आप' या आदरवाचक शब्दाने संबोधीत. ज्याला उभ्या जन्मात सावकाराने, शिपायाने, दुकानदाराने 'अरे' याखेरीज हाक मारली नाही, त्यास आपल्याच माणसांच्या तोंडून 'आप' ऐकावयास मिळाले. याच १९३८ साली गुलाम महाराज वारले, आणि पुढे त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते काम चालविले. आम्हांस या चळवळीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दारू सुटली ती मनाच्या बळाने नव्हे; पेल्यावाचूनही भाऊपण टिकते असा दुसरा मेळा मिळाला म्हणून सुटली. रविवारची उपासना, भजन, एकत्र जेवण, मंडळीतच जुळणाऱ्या सोयरिकी, यांनी ख्रिस्ती गावांत हेच कार्य केले आहे; आणि जेथे मंडळी असा मेळा झाली नाही, नुसता नियमांचा फलक होऊन राहिली, तेथे पहिल्या धारेची दारू चर्चच्या मागच्या अंगणात गाळली गेली तरी नवल नाही.

ख्रिस्तानेही अखेरच्या रात्री संगतच मागितली. अरण्यात तो एकटा होता. पण गेथशेमाने बागेत, मरणाचे भय अंगावर आले तेव्हा, त्याने तिघांस बरोबर घेतले आणि माझ्याबरोबर जागे राहा, म्हणजे तुम्हीही मोहात पडणार नाही, अशा अर्थाचे त्यांस सांगितले. ते झोपले. त्याने त्यांस पुन्हापुन्हा उठविले.

मंडळीचा जो शिस्तीचा रिवाज आहे त्याविषयी यावरून एक प्रश्न उपस्थित होतो. दारू प्यालेल्या सभासदास काही काळ प्रभुभोजनास बसू द्यावयाचे नाही, असा दंड पुष्कळ ठिकाणी आहे. हेतू शुद्ध आहे. पण ज्याचा मेळा हाच त्याचा आधार, त्यास मेळ्याबाहेर काढले की तो कोठे जाईल? ज्या घरी पेला भरलेला आहे आणि कोणी काही विचारीत नाही, तेथेच जाईल. तेव्हा भाकर आणि पेला त्याच्यापासून काढून घेऊ नये, असे आमचे मत होते आणि आहे. तथापि या बाबतीत पहिले मत आमचे नव्हे आणि पाळकाचेही नव्हे. ज्या बाईने त्या दारूपायी मार खाल्ला आणि रिकामी चूल पाहिली, तीही त्याच उपासनेत शेजारच्या सतरंजीवर बसते. तिला विचारल्यावाचून तिच्या नवऱ्यास क्षमा करण्याची घाई पंचांनी करू नये.